पत्रकारितेच्या कोर्सला शिष्यवृत्ती: कुठे अर्ज करायचा आणि पैसे कुठे अडकतात

चौथा_स्तंभ

निकाल लागले की 'पत्रकारितेला शिष्यवृत्ती कुठली?' असे धागे निघतात आणि दोन प्रतिसादांत विझतात. म्हणून सगळं एका जागी आणतोय. माहितगारांनी भर घालावी, चुकलं तिथे कान पकडावा.

सरकारी शिष्यवृत्तीला तुमच्या विषयाशी फारसं देणंघेणं नसतं. ती बघते प्रवर्ग, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न, कोर्सची मान्यता आणि प्रवेश कुठल्या वाटेने झाला ते. 'जर्नालिझम स्कॉलरशिप' असं शोधत बसलात तर हाती फक्त जाहिराती लागतील.

महाराष्ट्रातल्या मुलांनी तीन दारं ठोठावायची.

महाडीबीटी, म्हणजे राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल. अनुसूचित जातीसाठी भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, उत्पन्न अडीच लाखांपर्यंत. त्याच्या वर असेल तर फ्रीशिप, म्हणजे शुल्कमाफी. त्यात निर्वाह भत्ता नाही, पण उत्पन्नाला वरची मर्यादाही नाही. अनुसूचित जमातीसाठी अशीच जोडी आहे. ओबीसींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क मिळतं, मर्यादा ८ लाख, सोबत नॉन-क्रीमी लेयर. यात न बसणाऱ्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, तीही ८ लाखांपर्यंत आणि कुटुंबातल्या पहिल्या दोन अपत्यांनाच.

एनएसपी, म्हणजे केंद्राचं पोर्टल. इथे बारावीच्या गुणांवरची केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्ती आहे.

तिसरं दार संस्थेचं स्वतःचं. तिथे निबंध, कात्रणं, मुलाखत असा मामला असतो आणि खऱ्या अर्थाने पत्रकारितेचा संबंध तिथेच येतो.

शेवंती

बीएएमएमसीला (मास मीडियाची पदवी) प्रवेश झाला आहे, मुंबईत. महाडीबीटीवर प्रोफाइल भरताना कोर्सच्या यादीत 'पत्रकारिता' सापडतच नाही. 'बीए' निवडून पुढे जावं का?

खिडकी_क्रमांक_तीन

शेवंतीताई, अजिबात नको. अर्ज बाद होण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच आहे.

बीएएमएमसीच्या नावातच पत्रकारिता नाही. हा कोर्स आधी बीएमएम होता आणि पत्रकारिता की जाहिरात ही फूट तिसऱ्या वर्षाला पडायची. त्यामुळे यादीत 'मल्टिमीडिया अँड मास कम्युनिकेशन' असं काहीतरी शोधा. आधी विद्यापीठ, मग कॉलेज, मग शाखा, मग कोर्स, अशी उतरंड आहे. कॉलेजच्या नावाखाली कोर्स दिसत नसेल तर तो कॉलेजने पोर्टलवर जोडलेला नाही. ते काम कॉलेजच्या लॉगिनमधूनच होतं, तुमच्याकडून काही होणार नाही. शिष्यवृत्ती विभागात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. 'बीए' निवडलंत तर पोर्टल अनुदानित बीएचं शुल्क धरेल आणि पडताळणीत पावतीशी आकडा जुळणार नाही.

दुसरं. कॉलेज अनुदानित असलं तरी त्यातला मास मीडियाचा कोर्स बहुतेक ठिकाणी स्वयंअर्थसहाय्यित असतो. म्हणजे एकाच इमारतीत बीए मराठीच्या मुलाची फी काही हजार आणि शेजारच्या वर्गात कितीतरी पट. शिष्यवृत्तीत मान्य केलेलं शुल्कच भरून मिळतं. प्रवेश घेतानाच शुल्काची फोड मागून घ्या: शिक्षण शुल्क, परीक्षा शुल्क, ग्रंथालय, स्टुडिओ, अभ्यासदौरा, अनामत, सगळं वेगवेगळं. परत मिळणारी अनामत कुठल्याच योजनेत भरून मिळत नाही. स्टुडिओ, कार्यशाळा, दौरा हे जर 'इतर' या एकाच ओळीत कोंबलं असेल, तर त्या ओळीला कात्री लागते. पावतीवर ओळी वेगळ्या करून मागणं हा तुमचा हक्क आहे, संकोच करू नका.

सातबारा

उत्पन्नाच्या दाखल्यावर सविस्तर लिहितो, कारण इथे निम्मी मुलं घसरतात.

तहसीलदारांचाच दाखला लागतो. आईवडील नोकरीत असले तरी नुसता फॉर्म १६ चालत नाही, तो दाखला काढताना पुरावा म्हणून जोडायचा. शेती असेल तर सातबारा, आठ-अ आणि तलाठ्याचा अहवाल. अर्ज 'आपले सरकार'वरून किंवा सेतूतून. एक वर्षाचा दाखला ३१ मार्चपर्यंत चालतो. त्यामुळे फेब्रुवारीत बारावीच्या धांदलीत काढून ठेवलेला दाखला जुलैत रद्दी होतो. एप्रिलनंतर काढा. दाखल्यावर बारकोड क्रमांक असतो, तो पोर्टलवर टाकला की माहिती आपोआप उचलली जाते. जुना, हाताने लिहिलेला दाखला असेल तर पडताळणी करणाऱ्याच्या मनावर.

आता खरी गोम. नॉन-क्रीमी लेयर मिळालं म्हणजे शिष्यवृत्तीच्या उत्पन्नात बसलो, हा समज चुकीचा आहे. नॉन-क्रीमी लेयर ठरवताना पगाराचं आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. शिष्यवृत्तीच्या ८ लाखांत कुटुंबाचं सगळं उत्पन्न मोजतात. समजा वडील शिक्षक, पगार वर्षाला ९ लाख, बाकी उत्पन्न शून्य. वडिलांच्या पदाची आडकाठी नसेल तर मुलीला नॉन-क्रीमी लेयर मिळेल, शिष्यवृत्ती मिळणार नाही. दोन कागद, दोन वेगळ्या मोजपट्ट्या. हे माहीत नसल्याने लोक कार्यालयात भांडत बसतात.

मधली_सुट्टी

मुलींना आता शंभर टक्के फी माफ आहे ना? मग हा सगळा व्याप कशाला?

खिडकी_क्रमांक_तीन

तो ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना ५० टक्क्यांऐवजी १०० टक्के शिक्षण आणि परीक्षा शुल्क. पण तो मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे आणि प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, झालेला हवा. व्यवस्थापन कोटा त्यात नाही. इंजिनिअरिंग, फार्मसीला हे सरळ लागू होतं. मास मीडियाचे प्रवेश बहुतेक ठिकाणी कॉलेज किंवा विद्यापीठ आपल्या पातळीवर करतं, कॅप नसतेच. म्हणून फलक वाचून फी भरायची थांबू नका. आपला कोर्स त्या यादीत येतो का, हे कॉलेजकडून लेखी घ्या. आणि व्याप म्हणाल तर माफी असली तरी अर्ज महाडीबीटीवरच भरावा लागतो. आपोआप काही होत नाही.

तळटीप

पैसे 'मंजूर' दिसतात पण खात्यात येत नाहीत, यावर एकदाच नीट लिहून ठेवते.

शिष्यवृत्ती आधारवर येते, खाते क्रमांकावर नाही. एनपीसीआयच्या (बँकांमधली पैशांची देवाणघेवाण चालवणारी राष्ट्रीय संस्था) नोंदीत तुमच्या आधारपुढे ज्या बँकेचं नाव आहे तिथे रक्कम जाते. एका आधारपुढे एकच बँक राहते आणि शेवटी जोडलेली बँक आधीचीला बाजूला सारते. बारावीत असताना पोस्ट पेमेंट्स बँकेचं किंवा मोबाइल कंपनीच्या पेमेंट्स बँकेचं खातं उघडलेलं असतं, ते विसरलेलं असतं, आणि पैसे तिकडे जाऊन पडतात. विद्यार्थी बिचारा कॉलेजजवळच्या बँकेत पासबुक भरून बघतोय.

तपासायचं असं: यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून 'बँक सीडिंग स्टेटस' उघडा. तिथे बँकेचं नाव आणि 'ॲक्टिव्ह' की 'इनॲक्टिव्ह' ते दिसतं. 'इनॲक्टिव्ह' असेल किंवा भलतीच बँक दिसली तर आपल्या शाखेत जाऊन आधार डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, जोडायचा फॉर्म भरा. काउंटरवर 'आधार लिंक आहे' असं सांगतील. लिंक म्हणजे केवायसीला आधार दिलेला. सीडिंग वेगळं. शब्द नीट वापरा: 'डीबीटीसाठी एनपीसीआय मॅपिंग करून द्या.' चारपाच दिवसांनी पुन्हा तपासा.

अजून एक छुपा खड्डा. खातं 'स्मॉल अकाउंट' प्रकारचं असेल तर वर्षभरात एकूण १ लाखाच्या वर जमा होत नाही आणि शिल्लक ५० हजारांच्या वर ठेवता येत नाही. फी आणि भत्ता मिळून मोठी रक्कम आली की ती परत फिरते. पूर्ण केवायसी करून खातं साध्या बचत खात्यात बदलून घ्या. शाळेत असताना पालकांसोबत काढलेलं अज्ञान खातं असेल तर तेही अठरा पूर्ण झाल्यावर बदलायचं राहून गेलेलं असतं.

अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत राज्याचा ४० टक्के आणि केंद्राचा ६० टक्के असे दोन हप्ते वेगवेगळे येतात. पहिला आला, दुसरा नाही, म्हणजे घोटाळा झाला असं लगेच समजू नका. केंद्राचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातली फी कॉलेजला विद्यार्थ्यानेच भरायची असते. घरखर्चात गेली तर कॉलेज वर्षाच्या शेवटी निकाल नाहीतर दाखला अडवून बसतं. मग धावपळ.

शेवंती

सीडिंग तपासलं. खरंच दुसऱ्याच बँकेचं नाव निघालं! आभार, तळटीप.

पुरवणी

तिसऱ्या दाराबद्दल लिहिते, म्हणजे संस्थांच्या स्वतःच्या शिष्यवृत्त्या. चेन्नईचं एशियन कॉलेज ऑफ जर्नलिझम आर्थिक गरजेनुसार मदत देतं, आणि दलित व आदिवासी विद्यार्थ्यांसाठी तिथे वेगळ्या शिष्यवृत्त्या आहेत. प्रवेशाचा अर्ज आणि मदतीचा अर्ज वेगळा भरायचा असतो, हे बरेच जण शेवटच्या दिवशी वाचतात. विद्यापीठांच्या विभागांत दिवंगत संपादकांच्या नावाने ठेवलेले छोटे निधी असतात. ते पोर्टलवर दिसत नाहीत, विभागाच्या सूचना फलकावर दिसतात. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये (विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग) असा, किंवा अमरावतीला आयआयएमसीच्या (भारतीय जनसंचार संस्था) मराठी पत्रकारितेच्या डिप्लोमाला असा, कुठेही गेलात तरी कार्यालयातल्या मावशी-काकांना विचारा, त्यांना तारखा पाठ असतात.

अशा अर्जात तीन गोष्टी लागतात: हेतूपत्र, कामाचे नमुने, शिफारसपत्र.

हेतूपत्र. नव्वद टक्के पत्रांची सुरुवात 'लहानपणापासूनच मला पत्रकारितेची आवड आहे' किंवा 'पत्रकारिता हा लोकशाहीचा चौथा स्तंभ आहे' अशी असते (धागाकर्त्याने राग मानू नये). निवड करणारे स्वतः पत्रकार असतात, अशी वाक्यं ते डोळे न उघडता कापतात. उदाहरण देते. हा कच्चा मसुदा:

'माझ्या तालुक्यात पाण्याची भीषण समस्या असून ग्रामीण भागातील प्रश्नांना वाचा फोडण्यासाठी मला पत्रकार व्हायचे आहे.'

आणि हेच दुरुस्त करून:

'आमच्या गावाला टँकरच्या दिवसाला तीन फेऱ्या मंजूर आहेत. ग्रामपंचायतीतल्या नोंदवहीत तीन सह्या आहेत. एप्रिलमध्ये मी आठ दिवस मोजल्या, रोज दोनच आल्या. तिसऱ्या फेरीचं डिझेल कुठे जातं, हे शोधायला कुठली कागदपत्रं मागायची ते मला शिकायचं आहे.'

दुसऱ्यात 'भीषण' नाही, 'वाचा फोडणे' नाही. मोजदाद आहे, कागद आहे आणि काय येत नाही याची कबुली आहे. वाचणाऱ्याला बातमी दिसते. अर्थात हे खरं असायला हवं, मुलाखतीत पहिला प्रश्न त्या नोंदवहीवरच येईल.

शब्दमर्यादा ५०० असेल तर ४८० वर थांबा. ५२० म्हणजे ज्याला मजकूर बसवता येत नाही असा उमेदवार. पत्रकारितेच्या अर्जात हा दोष दुप्पट दिसतो.

कामाचे नमुने. तीन पुरतात, दहा नकोत. एक बातमी, एक मुलाखत किंवा रिपोर्ताज, एक तुमच्या आवडीचं. कात्रण स्कॅन करताना वर्तमानपत्राचं नाव, आवृत्ती, तारीख आणि पान क्रमांक चौकटीत आला पाहिजे. नुसता मजकूर कापून लावला तर तो कुठे छापून आला हे कळत नाही. बायलाइन नसेल तर संपादकांकडून दोन ओळींचं पत्र घ्या. ऑनलाइन असेल तर दुवा द्या आणि पानाची पीडीएफही जोडा. दुवे मरतात, छोटी पोर्टलं तर वर्षभरात बंद पडतात. काहीच छापून आलं नसेल तर कॉलेजचा प्रायोगिक अंक चालतो. वाचकांच्या पत्रव्यवहारातलं पत्र मात्र बातमी म्हणून लावू नका.

शिफारसपत्र. तीन आठवडे आधी मागा. मागताना सरांना एक पान द्या: कुठला अर्ज, शेवटची तारीख, त्यांच्या विषयात तुम्ही केलेलं काम, गुण. नाहीतर 'विद्यार्थी होतकरू व मनमिळाऊ आहे' एवढंच येतं. त्याचा उपयोग शून्य.

सातबारा

पुरवणीताई, एक मतभेद. हेतूपत्रात घरची परिस्थिती लिहूच नये असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. मदत गरजेनुसार असेल तर लिहावीच लागते.

पुरवणी

बरोबर, लिहायचीच. पण आकड्यात आणि वेगळ्या परिच्छेदात. 'अत्यंत हलाखीच्या परिस्थितीत' ऐवजी 'तीन एकर कोरडवाहू, वर्षाचं उत्पन्न दाखल्याप्रमाणे इतकं, एक भाऊ शिकतोय, फीपैकी इतके आम्ही भरू शकतो, इतके कमी पडतात'. शेवटचा आकडा लिहायला मुलं लाजतात आणि समितीला नेमका तोच हवा असतो.

खिडकी_क्रमांक_तीन

राहण्याच्या खर्चाचं कुणीच लिहिलं नाही. अनुसूचित जातीच्या ज्या मुलांना सरकारी वसतिगृह मिळत नाही त्यांच्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या मोठ्या शहरांत वर्षाला ६०,००० (भोजन ३२,००० + निवास २०,००० + निर्वाह ८,०००). इतर महापालिका क्षेत्रांत ५१,०००, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. शैक्षणिक साहित्याचे वेगळे २,०००. भारत सरकार शिष्यवृत्तीतला निर्वाह भत्ता यातून वजा होतो.

इथे दोन चुका होतात. एक, कॉलेज ज्या शहरात आहे तिथलेच रहिवासी असाल तर पात्र नाही, आणि आधारवरचा पत्ता त्याच शहराचा करून घेतलेला असेल तर अर्ज तिथेच अडकतो. दोन, वसतिगृहाचा अर्जच केला नव्हता. आधी वसतिगृहाला अर्ज, तिथे नंबर लागला नाही तर स्वाधार, असा क्रम आहे. भाडेकराराची प्रत जपून ठेवा. कॉट बेसिसवर राहणाऱ्यांना घरमालक करार देत नाहीत, ते राहायला जाण्याआधीच बोलून घ्या.

मधली_सुट्टी

केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्तीला कला शाखेतून संधी कितपत?

चौथा_स्तंभ

आहे, पण वाटा लहान. देशभरात वर्षाला ८२,००० नव्या शिष्यवृत्त्या. बोर्डाच्या वाट्याला आलेल्या शिष्यवृत्त्या विज्ञान, वाणिज्य, कला यांत ३:२:१ अशा वाटतात आणि त्यातल्या निम्म्या मुलींना. बारावीत आपल्या शाखेत ८० पर्सेंटाइलच्या वर, कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत. पदवीला वर्षाला १२,००० आणि पदव्युत्तरला २०,०००. शाखा बारावीची धरतात, म्हणून विज्ञानातून बारावी करून मास मीडियाला आलेली मुलगी विज्ञानाच्याच यादीत मोजली जाते. नूतनीकरणाला ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी. इंटर्नशिपच्या नादात हजेरी घसरते आणि दुसऱ्या वर्षाचे पैसे बुडतात, हे पत्रकारितेच्या मुलांचं खास दुखणं. इंटर्नशिप कॉलेजच्या पत्रावरच करा, म्हणजे हजेरीचं निदान बोलता येतं.

नियमित पदवी कोर्सच चालतो. पदविका आणि दूरशिक्षण नाही.

तळटीप

खासगी मीडिया इन्स्टिट्यूटच्या 'स्कॉलरशिप टेस्ट'बद्दल सावध करते. परीक्षा झाल्यावर सगळ्यांनाच ३० ते ५० टक्के 'शिष्यवृत्ती' लागते. ती फीमधली सूट असते आणि मूळ फी त्या हिशेबानेच फुगवलेली असते. पैसे भरण्याआधी पाच प्रश्न लेखी विचारा: सूट कुठल्या शुल्कावर, पुढच्या वर्षी कायम राहणार का आणि कुठल्या अटीवर, प्रवेश रद्द केला तर सवलतीची रक्कम वसूल करणार का, पदवी कुठल्या विद्यापीठाची, आणि संस्था महाडीबीटीवर आहे का. शेवटच्या दोनांचं उत्तर गोलमोल आलं तर सरकारी शिष्यवृत्तीची आशा सोडूनच प्रवेशाचा विचार करा.

चौथा_स्तंभ

परदेशाबद्दल एक ओळ वाढवून. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ७५ जागा, अर्ज पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयाकडे. विद्यापीठ क्यूएस या जागतिक क्रमवारीत पहिल्या २०० मध्ये हवं. ही क्रमवारी विद्यापीठाची, पत्रकारिता विभागाची नव्हे. लंडनचं सिटी विद्यापीठ (आता सिटी सेंट जॉर्जेस) पत्रकारितेत नावाजलेलं, पण एकूण क्रमवारीत २०० च्या बाहेर. विभागाची कीर्ती बघून प्रवेश मिळवायचा आणि मग योजनेत बसत नाही असं कळायचं, हे टाळा. आणि पीएचडीला जाणाऱ्यांनी नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतला 'मास कम्युनिकेशन अँड जर्नालिझम' हा विषय बघावा, जेआरएफ (संशोधनासाठीची पाठ्यवृत्ती) मिळाली तर महिना ३७,०००.

शेवंती

शेवटचं विचारते. अर्जापुढे 'सेंड बॅक' दिसतंय. आता नवा अर्ज भरू का?

खिडकी_क्रमांक_तीन

नाही, तोच अर्ज उघडा. शेऱ्यात कारण लिहिलेलं असतं: 'इनकम सर्टिफिकेट नॉट क्लिअर', 'फी मिसमॅच' वगैरे. तेवढंच दुरुस्त करून पुन्हा सादर करा. कागद अस्पष्ट असं म्हटलं असेल तर मोबाइलने काढलेला फोटो दाबून दाबून २५६ केबीत बसवलेला असतो, त्यात बारकोड पुसला जातो. स्कॅनरवर कृष्णधवल, १५० डीपीआयवर स्कॅन करून पीडीएफ करा, आकार आपोआप बसतो. सादर केल्यावर अर्ज पुन्हा कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथे कुणी बघेपर्यंत पडून राहतो. अर्ज क्रमांक चिठ्ठीवर लिहून शिष्यवृत्ती विभागात देऊन या. दुपारी दोननंतर जा, सकाळी तिथे प्रवेशाची रांग असते.